मुक्त विद्यापीठाचं बीए, सोलापुरातून: संसार सांभाळून पदवी घेणाऱ्यांसाठी रोखठोक परीक्षण

मत आधीच देऊन टाकू. तिशी-चाळिशी ओलांडलेल्या, घर आणि नोकरी दोन्ही अंगावर असलेल्या माणसाला सोलापुरात सगळ्यात जमण्याजोगी पदवी म्हणजे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचं (पुढे नुसतं ‘मुक्त विद्यापीठ’) मराठी माध्यमातलं बीए. पुस्तकं चांगली आहेत, रोजच्या हजेरीची कटकट नाही आणि फी आवाक्यातली आहे. गोम एकच. विद्यापीठ नाशिकला, विभागीय केंद्र पुण्याला, आणि तुमची प्रत्यक्ष गाठ पडणार ती शहरातल्या एखाद्या कॉलेजात चालणाऱ्या अभ्यासकेंद्राशी. पुस्तकं तीच आणि प्रश्नपत्रिकाही तीच, पण केंद्र धड असेल तर पदवी तीन वर्षांत हातात पडते, ढिलं असेल तर तिच्यासाठी पाच वर्षं हेलपाटे घालावे लागतात. म्हणून पदवीइतकंच केंद्र कसं पारखायचं यावरही इथे लिहिलं आहे.

आधी पर्याय बघू, कारण बरेच जण ते न बघताच फॉर्म भरतात.

पहिला पर्याय नियमित कॉलेजचा. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ २००४ साली सुरू झालं. एकाच जिल्ह्यापुरतं असलेलं हे विद्यापीठ पुणे रस्त्यावर केगावला आहे, पण पदवीचे वर्ग भरतात ते दयानंद, संगमेश्वर, वालचंद यांसारख्या संलग्न कॉलेजांत. बीएला वयाची आडकाठी नाही. अडचण येते ती ७५ टक्के हजेरीची, शिवाय चाचण्या, प्रकल्प आणि नव्या शैक्षणिक धोरणाने आलेलं प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण. बारावीनंतर मधे गेलेल्या वर्षांसाठी खंड प्रमाणपत्र म्हणजे प्रतिज्ञापत्र लागतं, ते सोपं आहे. एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. मुलं सकाळी शाळेत जात असतील, नोकरी नसेल आणि सकाळचे चार तास खरोखर मोकळे असतील, तर मुक्त विद्यापीठाच्या वाटेला न जाता सरळ कॉलेजात नाव घाला. समोर शिकवणारा माणूस असणं, ग्रंथालय असणं, शंका तिथल्या तिथे विचारता येणं, याला तोड नाही. विशीतल्या पोरांच्या बाकावर बसायची लाज वाटते म्हणून कॉलेज टाळणं हे कारण फारच तोकडं. ती पोरं पंधरा दिवसांत नोट्स मागायला लागतात.

दुसरा पर्याय इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे इग्नू. १९८५ साली स्थापन झालेलं हे केंद्रीय विद्यापीठ वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैच्या सत्रात प्रवेश देतं. तीन वर्षांचं बीए सहा वर्षांपर्यंत पूर्ण करता येतं, परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये होतात आणि बहुतेक विषयांत स्वाध्यायाला, म्हणजे घरी लिहून जमा करायच्या उत्तरांना, ३० टक्के वजन असतं. ई-ज्ञानकोश या संकेतस्थळावर त्यांची पुस्तकं फुकट वाचता येतात, आणि ती मुक्त विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनीही जरूर वाचावीत. पण साहित्य मुख्यतः हिंदी-इंग्रजीत आहे. इंग्रजीत लिहायचा सराव असेल किंवा पुढे महाराष्ट्राबाहेर जायचं असेल तर इग्नू चांगलं. बाकीच्यांना पंधरा वर्षांच्या खंडानंतर आधी भाषेशी आणि मग विषयाशी झगडावं लागतं, त्यात दुसरं सत्र उजाडायच्या आतच उत्साह संपतो.

आता मूळ विषय. मुक्त विद्यापीठाची स्थापना १९८९ची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, २०२०च्या दूरशिक्षण नियमांनुसार मान्यताप्राप्त दूरशिक्षणातली पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते. ‘बाहेरून केलेलं बीए चालत नाही’ असं अजूनही ठामपणे सांगणारी माणसं भेटतात, त्यांचं मनावर घेऊ नका. राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला ही पदवी चालते, अंगणवाडी सेविकेला मुख्यसेविकेच्या जागेसाठी अर्ज करताना चालते. मात्र नोकरी सरकारी किंवा जिल्हा परिषदेची असेल तर प्रवेश घेण्याआधी कार्यालयाची लेखी परवानगी घ्या. पुढे सेवापुस्तकात पदवीची नोंद करायची वेळ आली की टेबलावरचा माणूस पहिल्यांदा तोच कागद मागतो, आणि मागच्या तारखेची परवानगी कुणी देत नाही.

सेवेतली सगळ्यात उत्तम गोष्ट म्हणजे पुस्तकं. एखादा घटक उघडा: सुरुवातीला उद्दिष्टं, मग प्रास्ताविक, मग विषयाचं विवेचन, मधेमधे स्वतःला तपासण्याचे प्रश्न, शेवटी सारांश आणि पारिभाषिक शब्द. शिक्षक समोर नसताना वाचणाऱ्यासाठीच ही रचना केलेली आहे आणि ती चालते. फक्त वाचायचा क्रम बदला. आधी उद्दिष्टं, लगेच सारांश, मग मधले प्रश्न, आणि सगळ्यात शेवटी विवेचन. वीस-पंचवीस पानांचा घटक असा वाचला तर दीड-दोन तासांत डोक्यात बसतो. पहिल्या ओळीपासून सरळ वाचत गेलं की आठव्या पानावर डुलकी लागते, तीही रात्री दहानंतर. छापील संच यायला वेळ लागला तर विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ई-पुस्तकं मिळतात. मोबाइलवर वाचून डोळे चुरचुरतात, म्हणून नव्या पेठेत किंवा कॉलेजांच्या आसपास कुठेही पाठपोट झेरॉक्स काढून बाइंडिंग करून घ्या. सगळं पुस्तक एकदम छापून आणू नका, महिन्याला पुरतील तेवढेच घटक आणा.

पुस्तकांचा एक खरा दोष आहे. भाषा प्रमाण मराठी, तीही जरा जड. पूर्व भागात घरी तेलुगू बोलणाऱ्यांना, अक्कलकोट किंवा दक्षिण सोलापुरात कन्नड शाळेत शिकलेल्यांना अर्थशास्त्राचा आणि राज्यशास्त्राचा पहिला घटक अंगावर येतो. ‘सीमांत उपयोगिता’, ‘विकेंद्रीकरण’ असे शब्द ओळीओळीला भेटतात. यावर उपाय म्हणजे घटकाच्या शेवटची शब्दसूची वहीत उतरवून समोर आपल्या भाषेत एकेक ओळ लिहिणं. पहिल्या सत्रात हे केलं तर पुढे तेच शब्द परत येतात आणि ओझं उतरतं. वैकल्पिक विषय निवडताना हेही ध्यानात धरा: इतिहास, मराठी आणि समाजशास्त्र वाचून कळतात, अर्थशास्त्राला कुणीतरी आकृत्या समजावून सांगणारं लागतं.

आता तासांचा हिशेब, कारण घरच्यांशी बोलणी यावरच होतात. नव्या रचनेत तीन वर्षांची पदवी १२० श्रेयांकांची (क्रेडिटची), म्हणजे वर्षाला ४०. दूरशिक्षणात एका श्रेयांकाला अभ्यासाचे ३० तास धरतात. म्हणजे वर्षाला १२०० तास, आठवड्याला जवळजवळ २३. नोकरी आणि दोन मुलं असलेल्या माणसाला एवढे तास मिळणार नाहीत, हे उघड आहे. निम्म्यात भागतं. आठवड्यातले पाच दिवस सव्वा तास आणि रविवारी चार तास धरले की सव्वादहा तास होतात. एवढ्यात पुस्तकाचं एक नीट वाचन, स्वाध्याय आणि परीक्षेआधीची एक उजळणी बसते. सहा तासांच्या खाली आलात की अभ्यास मागे पडतो आणि परीक्षेच्या आदल्या रात्री गाइड हातात येतं. उत्तीर्ण व्हायला ते कदाचित पुरेल, पण स्पर्धा परीक्षेसाठी पदवी घेत असाल तर सगळा खटाटोप वाया.

सव्वा तास कुठून काढायचा हे प्रत्येक घरात वेगळं. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी पहाटेचा अभ्यास विसरा. वेळापत्रक आखताना पाण्याचा दिवस आधीच सुट्टीचा धरला तर चिडचिड होत नाही. वाचन तुकड्यांत होतं: डबा भरून झाल्यावर अर्धा तास, मुलांच्या शिकवणीबाहेर थांबताना अर्धा तास. लिखाण मात्र तुकड्यांत होत नाही, ते रविवारी. घरातल्यांना ‘मला अभ्यास आहे’ एवढं मोघम सांगून उपयोग नसतो. ‘रविवारी आठ ते बारा स्वयंपाकघरात मी नाही’ असं वेळेसकट सांगावं लागतं, आणि पहिले दोन रविवार कुणी ऐकत नाही हेही गृहीत धरावं लागतं. घरात जागाच नसेल तर अभ्यासिका बघा. शहरात खासगी अभ्यासिका भरपूर आहेत, पण बहुतेक स्पर्धा परीक्षेच्या मुलांनी भरलेल्या आणि महिन्याच्या फीवर चालणाऱ्या. फक्त रविवारपुरती जागा देता का असं विचारून बघा, काही जण देतात.

प्रवेशाची वेळ साधारण जूनअखेरीपासून पुढे येते आणि मुदत विलंब शुल्कासह वाढत जाते. या वाढीव मुदतीवर विसंबू नका. उशिरा भरलेल्यांची पुस्तकं उशिरा येतात, स्वाध्यायाची तारीख मात्र सगळ्यांना एकच. क्रम असा आहे: आधारला मोबाइल जोडलेला हवा, त्यावरून डिजिलॉकर, त्यातून अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा म्हणजे एबीसीचा आयडी, त्या आयडीवरून यूजीसीच्या संकेतस्थळावर डीईबी (दूरशिक्षण विभाग) आयडी आणि मग विद्यापीठाचा ऑनलाइन अर्ज. २०२४-२५ पासून डीईबी आयडीशिवाय दूरशिक्षणात प्रवेश होत नाही. ओटीपी येत असतील तर हे सगळं एका संध्याकाळचं काम. येत नसतील तर आधार केंद्राच्या रांगेपासून सुरुवात.

इथे दोन ठिकाणी हमखास घोडं अडतं. पहिलं, मोबाइल नंबर. नेट कॅफेवाल्याचा, भाच्याचा किंवा केंद्रातल्या शिपायाचा नंबर आणि ई-मेल देऊन फॉर्म भरले जातात. पुढे तिन्ही वर्षं हॉलतिकीट, निकाल, दुसऱ्या वर्षाचा प्रवेश यांचे ओटीपी त्या नंबरवर जातात आणि भाचा पुण्याला नोकरीला गेलेला असतो. नंबर स्वतःचा द्या, ई-मेल नवा काढा, पासवर्ड वहीच्या पहिल्या पानावर लिहा. पासवर्ड कागदावर लिहू नये असं जाणकार सांगतात. इथे लिहा.

दुसरं अडतं ते नावाशी. लग्न झालेल्या बाईची दहावी-बारावीची गुणपत्रिका माहेरच्या नावाची आणि आधार सासरच्या नावाचं. एबीसी आणि डीईबी आयडीवर आधारवरचं नाव येतं, अर्जाला जोडलेल्या गुणपत्रिकेवर दुसरंच, आणि पडताळणीत अर्ज अडकतो. लगेच धावत जाऊन आधारवरचं नाव बदलू नका, कारण ते आयुष्यात दोनदाच बदलता येतं. विवाह नोंदणी प्रमाणपत्र काढून ठेवा, शहरात महापालिकेकडे, गावात ग्रामपंचायतीकडे. नावात जास्त फरक असेल, म्हणजे पहिलं नावच बदललेलं असेल, तर राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून त्याची प्रत घ्या. पदवीवर कोणतं नाव हवं याचा निर्णय अर्ज भरतानाच करा. आमचं मत: दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवरचं नावच पदवीवर ठेवावं, म्हणजे शिक्षणाचे सगळे कागद एका ओळीत येतात आणि सासरच्या नावासाठी विवाहाचा एक दाखला सोबत जोडला की भागतं. उलटं केलंत तर दर नोकरीच्या अर्जाला तीन-तीन कागद लागतात. आईचं नाव आणि वडिलांच्या नावाचं स्पेलिंगही याच वेळी गुणपत्रिकेशी ताडून बघा. ‘महादेव’च्या इंग्रजी स्पेलिंगातलं एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी पुढे दुरुस्तीचा अर्ज करावा लागतो.

जुनं एफवाय झालेलं असेल आणि ते वाया जाऊ नये असं वाटत असेल, तर एबीसीतल्या श्रेयांकांची मुदत सात वर्षांची आहे आणि त्या योजनेच्या आधीचं शिक्षण आपोआप त्यात आलेलं नाही. १५-२० वर्षांपूर्वी सुटलेलं पहिलं वर्ष पुन्हा करावं लागणार असंच धरून चाला. तसंही अभ्यासक्रम बदललेला असतो.

आता अभ्यासकेंद्र. यादी संकेतस्थळावर असते, शहरातली दोन-तीन केंद्रं निवडा आणि प्रवेशाआधी प्रत्यक्ष जाऊन या, शक्यतो रविवारी, कारण संपर्कसत्रं, म्हणजे केंद्रावरचे शिकवणीचे वर्ग, सुट्टीच्या दिवशी होतात. वर्ग खरोखर भरलाय का बघा. फळ्यावर मागच्या महिन्याची तारीख असेल तर काय समजायचं ते समजा. मग केंद्रसंयोजकांना किंवा तिथल्या लिपिकाला नेमकं विचारा: मुक्त विद्यापीठाच्या कामासाठी माणूस कोणत्या वारी, किती वाजता बसतो? स्वाध्याय जमा केल्यावर पोच मिळते का? अंतर्गत गुण ऑनलाइन कोण भरतं आणि मागच्या वर्षी किती जणांचे राहिले? परीक्षा याच इमारतीत होते की दुसरीकडे? तिसऱ्या प्रश्नावर समोरचा चिडला तर तिथून निघा. ‘मॅडम, तुम्ही फक्त फी भरा, बाकी आम्ही बघतो’ हे ज्या केंद्रात ऐकू येतं तिथे प्रवेश घेऊ नये. आणि फी माहितीपुस्तिकेत छापलेली आहे तेवढीच. त्यावर ‘स्वाध्याय लिहून देण्याचे’, ‘गुणांचे’ म्हणून कुणी वेगळे पैसे मागितले तर ते बेकायदा आहेत, पावती मागा, मागणी जागच्या जागी थांबते.

घरापासून जवळ हा निकष महत्त्वाचा, पण पहिला नाही. जुळे सोलापुरात राहणाऱ्याने दुसऱ्या टोकाचं चांगलं केंद्र घेतलं तर सत्रातून मोजक्या खेपा पडतात. घरामागचं ढिसाळ केंद्र घेतलं तर एकेका सहीसाठी दहा खेपा. सिटी बसवर भरवसा ठेवून वेळ ठरवू नका, रिक्षाचे पैसे हिशेबात धरा.

स्वाध्यायाकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं आणि सगळ्यात जास्त निकाल तिथेच अडकतात. नियमांनुसार दूरशिक्षणात अंतर्गत मूल्यमापनाचं वजन जास्तीत जास्त ३० टक्के असू शकतं, उरलेलं अंतिम परीक्षेचं. घरी बसून पुस्तक समोर ठेवून मिळणारे हे गुण म्हणजे वयाने मोठ्या विद्यार्थ्याचा खरा आधार. स्वतःच्या हाताने लिहा, पानाच्या एकाच बाजूला, डावीकडे समास सोडून. प्रत्येक विषयाचा वेगळा संच, वर नाव, कायम नोंदणी क्रमांक, विषयाचं नाव, विषय-संकेतांक आणि सत्र. जमा करण्याआधी सगळ्याची झेरॉक्स काढा, नाहीतर पानापानाचा फोटो घ्या. देताना पोच घ्या. पोचेची पद्धतच नसेल तर आपल्या प्रतीच्या पहिल्या पानावर तारीख आणि सही तरी घ्या. हे एवढं कशासाठी? निकालात अंतर्गत गुणांच्या जागी कधीकधी ‘गैरहजर’ दिसतं. केंद्राकडून गुण भरायचे राहिलेले असतात किंवा क्रमांक चुकलेला असतो. पोच हातात असेल तर तक्रार पुण्याच्या विभागीय केंद्राकडे पाठवता येते आणि दुरुस्ती होते. पोच नसेल तर ‘तुम्ही दिलेच नाहीत’ हे वाक्य ऐकून परत यावं लागतं आणि सत्र वाया जातं. नेटवरून उतरवलेली तयार उत्तरं नकलून देऊ नका. एकाच केंद्रात पंधरा जणांच्या पहिल्या ओळी सारख्या निघाल्या की तपासणारा सगळ्यांना सारखेच कमी गुण देऊन मोकळा होतो.

परीक्षेचं वेळापत्रक घराच्या वेळापत्रकावर आदळतं, यात विद्यापीठाचा दोष कमी आणि कॅलेंडरचा जास्त. हिवाळी परीक्षा लांबल्या की जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेशी गाठ पडते. संक्रांतीच्या त्या चार-पाच दिवसांत पाहुणे घरात असतात आणि नंदीध्वजांच्या मिरवणुकीमुळे शहरातले रस्ते बदललेले असतात. त्या दिवसांत पेपर असेल तर तासभर आधी निघा आणि जायची वाट आदल्या दिवशी बघून या. उन्हाळी परीक्षा मे-जूनकडे झुकतात: लग्नसराई, मुलांना सुट्टी आणि बेचाळीस अंशांच्या वरचं ऊन. दुपारच्या पेपरला पाण्याची बाटली, पांढरा रुमाल आणि खिडकीपासून लांबची जागा मिळेल एवढी नशिबाची साथ. गमतीचा भाग सोडा, पण उन्हातून जाऊन लगेच लिहायला बसलं की पहिली वीस मिनिटं हात चालत नाही, म्हणून अर्धा तास आधी पोचणं खरंच गरजेचं. कामावरची रजा तात्पुरतं वेळापत्रक आलं की लगेच लेखी मागा. अंतिम वेळापत्रक आल्यावर मागितली तर दुसऱ्या कुणीतरी आधी घेतलेली असते. घरात मूल दहावी-बारावीला असेल त्या वर्षी आईनेही सगळे विषय घ्यावेत का, याचा विचार जुलैमध्येच करा. इग्नूमध्ये परीक्षा अर्ज दर वेळी वेगळा भरावा लागतो आणि विषयागणिक शुल्क असतं, त्यामुळे तिथे काही पेपर पुढे ढकलणं सोपं जातं.

पंधरा वर्षांनी पेन धरणाऱ्याचा खरा शत्रू अभ्यासक्रम नसून हात आहे. तीन तासांचा ८० गुणांचा पेपर धरा. पंधरा मिनिटं वाचायला आणि शेवटी तपासायला काढली की १६५ मिनिटं उरतात, म्हणजे गुणामागे दोन मिनिटं. पंधरा गुणांच्या प्रश्नाला तीस मिनिटं, पाच गुणांच्या टिपेला दहा. पहिल्या प्रश्नात रमून पाऊण तास गेला की शेवटचा प्रश्न कोरा राहतो, आणि नापासांच्या पेपरांत हेच दिसतं: चार सुंदर पानं आणि मग काहीच नाही. परीक्षेच्या सहा आठवडे आधीपासून रोज घड्याळ लावून तीस मिनिटं न थांबता लिहा. पहिल्या आठवड्यात दोन पानांवर मनगट भरून येतं, चौथ्या आठवड्यात साडेतीन-चार पानं होतात. मागच्या प्रश्नपत्रिका संकेतस्थळावर मिळतात, त्यातलेच प्रश्न घ्या. हॉलतिकीट आलं की विषय-संकेतांक एकेक करून अर्जाशी जुळवा. चुकीचा संकेतांक परीक्षेच्या दिवशी पर्यवेक्षकाला दुरुस्त करता येत नाही.

दुसऱ्या वर्षाचा प्रवेश आपोआप होत नाही. पहिल्या वर्षाचा निकाल लागायची वाट बघत बसून बरेच जण पुढच्या प्रवेशाची मुदत घालवतात. केंद्राच्या व्हॉट्सॲप गटात ‘तारीख वाढली’ असे निरोप फिरतात, त्यातले निम्मे मागच्या वर्षीचे असतात. तारीख फक्त विद्यापीठाच्या संकेतस्थळावर बघा.

काही जणांनी या वाटेला जाऊच नये. बारावी झालेली नसेल तर आधी ती करा, राज्य मंडळाचा बाहेरून परीक्षा देण्याचा सतरा नंबरचा फॉर्म भरून किंवा एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शाळेतून. पूर्वी पूर्वतयारी परीक्षा देऊन बारावीशिवाय मुक्त विद्यापीठात पदवीला प्रवेश मिळत असे आणि तशी उदाहरणं घराघरात आहेत. पण यूजीसीचे २०२०चे नियम पदवीसाठी बारावी किंवा तिच्या तोडीची परीक्षा मागतात, आणि बार कौन्सिलच्या २००८च्या नियमांनुसार बारावी न करता थेट मुक्त विद्यापीठाची पदवी घेतलेल्याला एलएलबीला प्रवेश नाही. वकिलीचा विचार मनात असेल तर क्रम दहावी, बारावी, पदवी असाच हवा. तीन वर्षांच्या एलएलबीच्या सीईटीसाठी खुल्या गटाला पदवीत ४५ टक्के लागतात, तेव्हा ‘पास झालो बास’ हे धोरण इथे महागात पडतं. मानसशास्त्र घेऊन समुपदेशक व्हायचं असेल त्यांनीही थांबावं. जुलै-ऑगस्ट २०२५च्या सत्रापासून यूजीसीने मानसशास्त्र आणि आहारशास्त्रासारखे आरोग्याशी निगडित विषय दूरशिक्षणातून बंद केले आहेत. त्यासाठी नियमित कॉलेजच गाठावं लागेल.

आणि ‘मुलींना शिक्षण मोफत झालंय ना?’ हा प्रश्न. २०२४चा तो शासननिर्णय केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून घेतलेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी, उत्पन्नाच्या मर्यादेसह आहे. मुक्त विद्यापीठाच्या बीएची फी त्यात माफ होत नाही.

गुण द्यायचेच तर पुस्तकांना पाचपैकी साडेचार, लवचीकपणाला चार, परीक्षा-व्यवस्थेला तीन. अभ्यासकेंद्रांना मिळून एक आकडा देणं अन्यायाचं होईल, ते एकपासून साडेचारपर्यंत कुठेही असतात. प्रवेशाच्या आधीच्या त्या रविवारच्या फेरीत तुमचं केंद्र यात कुठे बसतं ते कळतं.

शेवटच्या सत्राचा निकाल लागला की गुणपत्रिकेवरचं नाव, आईचं नाव आणि एकूण श्रेयांक त्याच आठवड्यात तपासा आणि चूक असेल तर दीक्षान्त समारंभासाठी पदवी प्रमाणपत्रं छापली जाण्याच्या आत दुरुस्तीचा अर्ज द्या. गुणपत्रिकेची दुरुस्ती एका अर्जावर होते, छापलेल्या पदवीची करायची म्हणजे पुन्हा प्रतिज्ञापत्र, पुन्हा शुल्क आणि नाशिकशी पत्रव्यवहार.